डावखुऱ्याच्या पाठीला माझा पाय

आमचा संघ एकदाचा हरला आणि मला हायसं वाटलं. हे मी मुलाला अजून सांगितलेलं नाही, त्याला पचायचं नाही. एप्रिल महिना, सकाळचे आठ वाजलेले, बोरीत तेव्हाच उन्हाचा चटका सुरू झालेला. पिठाच्या डब्याला टेकवलेल्या माझ्या मोबाईलवर आमची ताडमाड माणसं माना खाली घालून आत निघून गेली. सीझन संपला. मी गॅस बंद केला आणि म्हणलं, सुटले बाई एकदाची. सहा महिने परक्यांच्या गुडघ्यांची, घोट्यांची अन् पाठींची काळजी करून मी बेजार झाले होते.

पण ते सुटणं पाच मिनिटंसुद्धा टिकलं नाही. चहा गाळता गाळता मनात आलं, आता उद्या सकाळी माझा मुलगा मला फोन कशासाठी करील?

हे नीट सांगायचं तर थोडं मागं जावं लागतं. मी बोरीची, किराणा दुकानदाराची बायको, दहावी शिकलेली. बास्केटबॉलचा आणि माझा संबंध एवढाच, की शाळेच्या मैदानावर एक गंजलेली कडी होती आणि तिच्या खांबाला पोरं बैल बांधायची. मुलगा एकच. जिंतूरला बारावी केली, परभणीत इंजिनिअर झाला, पुण्यात दोन वर्षं राहिला आणि मग अमेरिकेला गेला. दर रविवारी फोन करायचा. मी विचारायचे जेवलास का, तो म्हणायचा हो. मग मी म्हणायचे, लातूरची एक मुलगी आहे, घर चांगलं आहे, आपल्यातलेच आहेत. तो म्हणायचा, आई, मीटिंग आहे. रविवारी कसली आली मीटिंग? मलाही राग यायचा. मी बोलायला लागले की माझी जीभ थांबत नाही, हे सगळ्या बोरीला माहीत आहे. एकदा अशीच जुंपली आणि त्यानं तीन आठवडे फोनच केला नाही. तीन आठवडे मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला त्याची खुशाली सांगत होते आणि मला स्वतःला काहीच ठाऊक नव्हतं.

मग एका पहाटे त्याचा फोन आला, कसला तरी आधारचा नंबर पाहिजे होता. मागं कुणीतरी ओरडायलंय, भोंगे वाजायलेत. मी विचारलं, कसला गोंधळ हाय रे? म्हणाला, मॅच बघायलोय. त्याच्या शहराचा बास्केटबॉलचा संघ, पगारी खेळाडूंचा. मी उगाच विचारलं, तो सगळ्यांत उंच हाय तो कोण? आणि पोरगं बोलायला लागलं. चाळीस मिनिटं बोललं. कोण कुठून आलाय, कुणाचा कुणाशी बेबनाव आहे, कोच कसा अडाणी आहे. मला अर्धं कळलं नाही, पण त्याचा आवाज बारावीतल्या पोरासारखा झाला होता. फोन ठेवताना तोच म्हणाला, आई, एक ठरवू. मॅच चालू असताना स्थळाचा विषय नाही. मी म्हणलं, बरं.

त्यानं तिकडूनच माझ्या मोबाईलवर सगळं बसवून दिलं. आमच्याकडं साडेपाचला मॅच लागायची. नोव्हेंबरात त्यांच्याकडं घड्याळं मागं घेतात म्हणे, तेव्हापासून साडेसहाला. म्हणजे ह्यांच्या पूजेच्या ऐन वेळी. हे देवघरात तळहातावर इष्टलिंग घेऊन बसलेले आणि मी स्वयंपाकघरात पोळपाट समोर घेऊन, डोळे मोबाईलवर. मुलगा फोन करायचा तो ह्यांच्या मोबाईलवर, कारण माझ्यावर मॅच असायची. ह्यांची कुरकुर चालायची, अगं, व्यापाऱ्यांचे फोन येतात त्यावर. मी म्हणायचे, येऊ द्या, नंतर करतील. व्यापारी काय कुठं पळून जायलेत का?

एक गंमत होती. मुलाकडचं चित्र माझ्यापेक्षा अर्धं मिनिट पुढं पळायचं. त्यामुळं तो आधी ‘हाऽऽ’ करायचा आणि मग माझ्या मोबाईलवर चेंडू जाळीत पडायचा. आनंद मला दोनदा मिळायचा. पण ही गोष्ट गेल्या सीझनची. यंदा मात्र त्याच अर्ध्या मिनिटानं माझा जीव काढला.

यंदा संघ लय भारी आहे, सगळे म्हणत होते. एक लांबडा होता, जाळीखाली उभा राहिला तर समोरच्याला ऊन लागायचं नाही. एक आडतीस वर्षांचा होता, त्याला सगळे म्हातारा म्हणायचे. मी बावन्न वर्षांची, मी पण म्हणायचे. आणि एक डावखुरा, तो माझा. डोकं शांत, बोलणं कमी, चेंडू हातातून सुटला की मी पोळी लाटायची थांबायचे. ह्या तिघांच्या जिवावर यंदा पार शेवटपर्यंत जायचं, असा मुलाचा हिशोब होता.

दुसऱ्याच मॅचला लांबड्याचा घोटा मुरगळला. मुलगा तिकडून ‘अरे देवा’ म्हणाला आणि गप्प झाला. मी विचारायलेय, काय झालं, कोण पडलं? तो म्हणतोय, बघ, येईल आता. अर्धं मिनिट मी छाती धरून उभी. मग लांबडा खाली आला आणि पाय धरून लोळला. त्यानंतर म्हाताऱ्याची मांडीची शीर गेली. एका नव्या पोराच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, त्याचा सीझनच संपला. एकाचं बोट मोडलं. एकाला नुसती सर्दी झाली आणि तो तीन मॅच बाहेर बसला. सर्दी! मी सर्दीत दिवाळीचा सगळा फराळ केलेला आहे.

रोज सकाळी मुलगा एक यादी पाठवायचा. कोण खेळणार, कोण खेळणार नाही, आणि कोणाची शंका. ह्या शंकेनं मला लय छळलं. अरे बाबा, पाय तुझा, दुखतोय की न्हाई हे तुला कळंना, तर मला कसं कळायचं? बाकावर सुटाबुटात बसलेली माणसं जास्त आणि मैदानात उतरलेली कमी, असं होऊन बसलं. उतरायची ती कालपरवा आलेली पोरं. अर्ध्यापर्यंत जीव तोडून पुढं राहायची आणि शेवटच्या क्वार्टरला, म्हणजे मॅचच्या शेवटच्या चतकोरात, सगळं घालवायची. दर वेळी तेच. मी कोचला मराठीत जे जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. ह्यांनी देवघरातून दोनदा खाकरून दाखवलं.

आता माझ्या पायाचं सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. मी पायाळू. म्हणजे जन्मताना डोकं आधी न येता पाय आधी आले. आमच्याकडं कुणाच्या पाठीत उसण भरली, म्हणजे वाकताना-उठताना पाठ एकदम धरली, की पायाळू माणसाकडनं पाय लावून घेतात. दुखणारा पालथा झोपतो, मी डावा पाय तीनदा पाठीला लावते, झालं. सासरी आल्यापासून मी हे करते. पार येलदरीकडून माणसं येतात. गुण येतो का? कुणाला येतो, कुणाला नाही. मला विचाराल तर माझा अर्धा विश्वास आहे. पैसे घेत नाही. डॉक्टरला पण दाखवा, असं सगळ्यांना सांगते.

मुलाला मात्र ह्याची लय लाज वाटायची. वर्गात त्याला चिडवायचे, तुझी आई लोकांना लाथा घालते. सातवीत होता तेव्हा एकदा त्याचे मित्र घरी आलेले आणि ओसरीवर एक बाबा पालथे झोपलेले. मी पाय उचलला आणि दारात हा. रात्री जेवताना म्हणाला, आई, हे बंद कर ना. मी बंद केलं नाही. माणूस वाकडा होऊन दारात आला तर त्याला परत कसं पाठवायचं? पण ते त्याचं ‘बंद कर ना’ माझ्या मनात कुठंतरी अडकून राहिलंच.

जानेवारीत काय झालं, एक शेतकरी मामा आले. तुरीचं पोतं उचलताना पाठ धरली होती, त्यांच्या भावानं गाडीवरनं धरून आणलं. नेमकी मॅच रंगात आलेली. मी मोबाईल हातात घेऊनच ओसरीवर आले. मामा पालथे झोपले, मी पाय लावला एकदा, लावला दुसऱ्यांदा, आणि तेवढ्यात आमच्या एका पोरानं चेंडू सरळ समोरच्या संघाच्या हातात नेऊन दिला. माझा तिसरा पाय जरा जोरातच पडला. मामा कळवळले. मी लाजेनं अर्धी झाले, म्हणलं, चुकलं मामा, माफ करा. ते हळूच उठून बसले, कंबर इकडं फिरवली, तिकडं फिरवली आणि म्हणाले, “न्हाई न्हाई, बरं वाटायलंय. असाच लावत जा.”

हे मी मुलाला फोनवर सांगितलं नाही. पायाचा विषय आम्ही टाळायचो. स्थळाचा विषय नाही, पायाचा विषय नाही, राहिला तो बास्केटबॉल. आणि तो एकेका सांध्यानं निकामी होत चालला होता.

फेब्रुवारीपासून फोन आखडायला लागले. पहिल्यांदा पूर्ण मॅचऐवजी अर्धी मॅच. मग नुसता शेवटचा क्वार्टर. मग नुसती यादी, आणि एक दिवस यादीसुद्धा नाही. मीच फोन लावला. म्हणाला, “आई, मी बघणं सोडलं. डोकं फिरतं. एवढा पैसा घेतात आणि पाठ दुखती म्हणून बसून राहतात. नाटकं आहेत नुसती.” डावखुऱ्याची पाठ तेव्हापासूनच कुरबुरायची. मी म्हणलं, पाठीचं दुखणं दिसत नसतं रे, मी रोज बघते माणसं. तो म्हणाला, बरं, ठेवू? मी म्हणलं, ठेव.

मी फोन ठेवला आणि ओट्याला टेकून उभी राहिले. मला त्या संघाचा एवढा राग आला होता, की काय सांगू. तुमचा एकेक घोटा म्हणजे माझा एकेक फोन आहे, हे तुमाला कोण सांगणार? नीट पाय टाकायला काय होतंय?

तरी मी बघायची थांबले नाही. तो बघत नाही तर मी बघीन आणि त्याला सांगीन, असं ठरवलं. रोज मॅच संपली की आवाजातला मेसेज पाठवायचे. आज लांबडा दहा मिनिटं उतरला, लंगडायलाय अजून. आज म्हाताऱ्यानं छान खेळ केला. दोन निळ्या खुणा दिसायच्या, उत्तर यायचं नाही. मुंबईच्या आकाशवाणीवरून बातम्या द्याव्यात तशी मी बातम्या देत राहिले.

आणि मार्चात एका सकाळी डावखुरा पडला. चेंडूसाठी उडी मारली, खाली आला आणि तसाच फरशीवर पालथा झाला. यंदा पहिल्यांदाच मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. ते अर्धं मिनिट मिळालं नाही, एकदम समोरच. कॅमेरा जवळ गेला. माझ्या त्या वीतभर मोबाईलवर त्याची आख्खी पाठ. त्यानं कंबरेच्या डाव्या बाजूला हात दाबून धरलेला. मी अशा पाठी शेकड्यांनी बघितल्यात. उसण. शंभर टक्के उसण.

मी इकडं तिकडं बघितलं. मोबाईल डब्यावरनं काढला, जमिनीवर ठेवला. दसऱ्याला आम्ही त्याला हळदकुंकू लावतो, त्याला पाय लावायचा म्हणजे पापच. पण माणूस पालथा पडलाय, समोर पडलाय, आणि मी नुसती बघत बसू? डाव्या पायाचा अंगठा हलकेच त्याच्या पाठीला लावला. एकदा, दोनदा, तीनदा. मग खाली वाकून मोबाईलच्या पाया पडले.

वर बघते तर देवघराच्या दारात हे. कपाळाला विभूती, हातात तांब्या. तांब्या हळूच खाली ठेवला. मग म्हणाले, “आता अमेरिकेची गिऱ्हाईकं पण घ्यायलीस का?”

मी म्हणलं, तुमी पूजा करा.

चार दिवसांनी डावखुरा मैदानात उतरला. नुसता उतरला नाही, धावला, वाकला, उड्या मारल्या, आणि आम्ही ती मॅच जिंकली. मग पुढची जिंकली. मला राहवेना. पायाचा विषय काढायचा नाही, हे मला माहीत होतं. लाजेल, चिडेल, उरलंसुरलं पण बंद होईल. पण एवढी मोठी गोष्ट पोटात ठेवणं मला जमत नाही. मेसेज केला, सगळं सांगितलं. मोबाईल जमिनीवर ठेवला, पाय लावला, तुझ्या बाबांनी बघितलं. तुला आवडणार नाही, पण लावला.

दोन निळ्या खुणा आल्या. मग ह्यांचा मोबाईल वाजला. मी उचलला तर पलीकडनं आवाजच नाही. मला वाटलं रडायलाय की काय. तर हसायलेला. श्वास घ्यायला थांबायचा आणि पुन्हा हसायचा. “आई, तू त्याला लाथ मारलीस?” मी म्हणलं, लाथ न्हाई, अंगठा. तो आणखी हसला. म्हणाला, “पुढच्या मॅचला मी बघतो तुझ्यासोबत.”

दोन आठवडे फोन आले. पूर्ण मॅचचे. संघ आता काही वर जाणार नव्हता, हे आम्हाला दोघांनाही कळत होतं, पण ते कुणी बोलून दाखवत नव्हतं. मग डावखुऱ्याची पाठ पुन्हा गेली. मुलगा म्हणाला, आई, तुझी वॉरंटी संपली. मी म्हणलं, मी सगळ्यांना आठ दिवस विश्रांती सांगते, ऐकली का त्यानं? आणि मग ती एप्रिलातली सकाळ आली. पुढं जायचं तर जिंकायलाच पाहिजे अशी मॅच होती, आणि आम्ही ती रीतसर हरलो. तो म्हणाला, चला, संपलं एकदाचं. मी म्हणलं, हो. त्यानं फोन ठेवला.

आता ऑक्टोबरपर्यंत काही नव्हतं.

पहिल्या सकाळी मी साडेपाचला उठले. सवय झालेली. चहा केला, मोबाईल डब्याला टेकवला, त्यावर काहीच नाही. दुसऱ्या सकाळी तसंच. तिसऱ्या दिवशी जाऊबाईंनी एका मुलीचा फोटो पाठवला, परळीची, शिकलेली, छान होती. मी तो मुलाला पाठवायला बोट उचललं आणि खाली ठेवलं. आता हा पाठवला की ऑक्टोबर पण जाईल. चौथ्या दिवशी पण काही नाही. पाचव्या दिवशी ह्यांनी आपला मोबाईल मुद्दाम ओट्यावर माझ्याजवळ ठेवला आणि पूजेला गेले. तो वाजला, पण तो गुळाचा व्यापारी होता.

सहाव्या दिवशी सकाळी सहा वाजता फोन आला. माझ्या मोबाईलवर आला, ह्यांच्या नाही. मला आधी कळेनाच कुठला वाजतोय. उचलला तर व्हिडिओ. पोरगं भिंतीला धरून उभं, एका बाजूला वाकडं, कपाळाला घाम.

“काय झालं रे?”

“काही नाही. मित्रांसोबत बास्केटबॉल खेळायला गेलो होतो.”

“मग?”

“तीन मिनिटं खेळलो.”

मला हसू आलं, ते पदराआड दाबलं. विचारलं, कुठं दुखतंय? डावीकडं म्हणाला, कंबरेच्या वर, बसता येईना, झोपता येईना. डॉक्टरनं फोनवर गोळी सांगितलीय, तपासायची वेळ परवाची आहे. मी म्हणलं, गोळी घे, गरम पाण्याची पिशवी ठेव, वजन उचलू नको. तो हो हो म्हणत राहिला. फोन ठेवंना पण. डावखुऱ्याला उगाच बोललो मी, असं काहीतरी पुटपुटला.

मग म्हणाला, “आई, पाय लाव ना.”

मी गॅस बंद केला. त्यानं फोन खुर्चीवर ठेवला, हळूहळू वळला, सदरा वर केला. पाठ. लहानपणी तेल लावलेली, खांद्याखाली तीळ असलेली. मी मोबाईल जमिनीवर ठेवला. पदर खोचला. डावा पाय धुऊन, पुसून आले. अंगठा त्याच्या पाठीला लावला.

आणि फोन कट झाला. अंगठा लाल बटणावर पडला होता.

मी तशीच एका पायावर उभी. काळ्या पडद्यावर माझं स्वतःचं तोंड दिसायलेलं. सहा दिवसांनी आलेला फोन, आणि मीच आपल्या पायानं बंद केला. परत लावायला खाली वाकले, पण चष्मा कुठं ठेवला ते आठवेना, कुठलं बटण दाबायचं ते दिसेना.

तेवढ्यात तो वाजला. हिरवं तेवढं दिसलं, ते दाबलं.

“कट झाला,” मुलगा म्हणाला. तो पुन्हा पाठमोरा उभा होता, सदरा वर धरून. “एकदाच लागला. अजून दोनदा राहिलाय.”